रक्ताशेजारून वाहणारं पाणी

रोज दोन लिटर पाणी पिणारा माणूस वर्षाला ७३० लिटर पितो. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजूनमापून प्यावं लागतं, पण त्याच्या रक्ताशेजारून वर्षाला १८,७२० लिटर पाणी वाहून जातं. आपल्याला तेवढं प्यायला पंचवीस वर्षं लागतील. हिशेब साधा आहे. मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर डायलिसेट, म्हणजे क्षार मिसळलेलं हेच पाणी, वाहतं, म्हणजे तासाला ३० लिटर आणि चार तासांच्या एका डायलिसिसला १२०. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला १५६ वेळा.

आपण प्यालेलं पाणी आतड्यांतून आणि यकृतातून पारखून पुढे जातं. इथे मध्ये फक्त डायलायझर. प्लास्टिकच्या त्या नळकांड्यात साधारण १०,००० पोकळ तंतू असतात. प्रत्येकाचं भोक ०.२ मिलिमीटर आणि भिंत ०.०४ मिलिमीटर. एकापुढे एक ठेवले तर अडीच किलोमीटर भरतील. तंतूंच्या आतून रक्त, बाहेरून पाणी, दोघांचा प्रवाह उलट दिशांनी. मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त फिरलं तर चार तासांत ७२ लिटर होतं. अंगात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास, म्हणजे तेच रक्त चौदा वेळा फिरून येतं. धडधाकट माणसाच्या दोन किडन्या, दोन्ही मिळून जेमतेम ३०० ग्रॅमच्या, दिवसाला १८० लिटर गाळतात आणि रविवारी सुट्टी घेत नाहीत.

पालघरला किंवा बोईसरला घरातल्या कुणाला डायलिसिस लागलं की नातेवाईक सेंटर बघायला जातात. एसी आहे का, टीव्ही आहे का, स्टेशनपासून रिक्षा किती घेते, महात्मा फुले आरोग्य योजनेचं कार्ड चालतं का. हे प्रश्न चुकीचे नाहीत, शेवटचा तर फार मोठा आहे. पण सेंटरचा दर्जा खरा ठरतो तो पाणी शुद्ध करणाऱ्या आरओच्या खोलीत, आणि ती बघायला सहसा कुणी मागत नाही.

डायलिसिसच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे एक लाख लिटरमागे एक ग्रॅम. दहा हजार लिटरचे दहा टँकर उभे करा आणि सगळ्यांत मिळून चिमूटभर. आपलं गढूळ पाणी निवळतं ते तुरटीने, आणि तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं. पिणाऱ्याला त्याचं काही होत नाही. डायलिसिसच्या रुग्णांची मात्र १९७०च्या दशकात परदेशात वाचा जाऊ लागली, स्मृती जाऊ लागली, तेव्हा कुठे कारण सापडलं. क्लोरीनचंही तसंच. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा नियम आहे, कारण त्याने जंतू मरतात. डायलिसिसला ०.१च्या वर नको, कारण त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नुसत्या आरओवर भरवसा ठेवून चालत नाही, त्याआधी कार्बनची टाकी लागते आणि दर शिफ्टच्या आधी तपासणी. एक छोटी पट्टी, एक बाटली, रजिस्टरमधली एक सही. मिनिटांचं काम.

ते नीट झालं नाही तर काय होतं, हे ब्राझीलमधल्या कारुआरू या शहराने १९९६ साली पाहिलं. तिथल्या एका डायलिसिस सेंटरला जलाशयाचं पाणी टँकरने आलं, पुरेसं शुद्ध न होता. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. शंभरावर रुग्ण आजारी पडले, यकृतं निकामी झाली, पन्नासहून अधिक माणसं गेली. मशीनं चालू होती, सुया नीट लागल्या होत्या. पाणी नीट शुद्ध झालं नव्हतं, एवढंच.

आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात पाण्याबद्दल बेफिकीर राहणं परवडणारं नाही. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातली औद्योगिक क्षेत्रं प्रदूषणाच्या निर्देशांकावर मोजली, तेव्हा इथलंच तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं आलं. (या पहिल्या नंबराचे पेढे कुणी वाटले नाहीत.) आणि त्याच तारापूरला १९६९पासून अणुभट्ट्या चालतात, ज्यांना अतिशुद्ध पाण्याशिवाय एक दिवस ढकलता येत नाही. पाणी शुद्ध करायची विद्या इथे नवी नाही.

पाण्यानंतर वेळ. डायलिसिस आठवड्याला बारा तास, किडनी १६८ तास. आधीच तुटपुंजा सौदा, त्यात लोक पंधरा मिनिटं कापतात. डहाणू-विरार लोकल चुकली तर पुढची कधी, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ‘आज जरा लवकर सोडा’ असं पेशंटच म्हणतो, टेक्निशियनलाही पुढची शिफ्ट लावायची असते, दोघेही खूश. पंधरा मिनिटं गुणिले १५६ म्हणजे ३९ तास. वर्षात जवळजवळ दहा डायलिसिस गायब, आणि फाइलवर मात्र १५६च्या १५६.

मग वजनकाटा. आल्याबरोबर चप्पल काढून त्यावर उभं राहायचं. ‘काका, किती पाणी काढायचं?’ ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, साठ किलो असेल तर तासाला ७८० मिलिलिटरच्या वर ओढू नये असा दंडक आहे, म्हणजे चार तासांत तीन लिटर. लग्नाचं जेवून काका साडेचार किलो वाढवून आले की हिशेब बसत नाही. जोरात ओढलं तर बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. चांगला टेक्निशियन अशा वेळी तासभर वाढवतो किंवा उद्या परत बोलावतो.

उद्या परत, हे पालघर गावात राहणाऱ्याला ठीक आहे. जव्हारहून येणाऱ्याला एका बाजूने सत्तरेक किलोमीटर धरा. वर्षाला जवळजवळ २२,००० किलोमीटर, पृथ्वीच्या अर्ध्या प्रदक्षिणेपेक्षा जास्त. योजना डायलिसिसचे पैसे भरते, पण प्रवासात मोडणाऱ्या मजुरीचं काय? म्हणून आठवड्याचे तीन फेरे दोनवर येतात. २०११ साली ३२,०६५ अमेरिकी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातला एकच दोन दिवसांचा खंड, तो संपल्यावरच्या दिवशी मृत्यूंचं प्रमाण वर्षाला शंभर रुग्णांमागे २२.१, बाकीच्या दिवशी १८. आणि ते सगळे आठवड्यातून तीनदा जाणारे.

२०१६च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर करताना तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सांगितलं होतं, की देशात दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण वाढतात आणि त्यांना ३.४ कोटी डायलिसिस लागतात. २०११च्या जनगणनेत आताच्या पालघर जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांची वस्ती २९,९०,११६ होती, देशाच्या चारशेपाचावा हिस्सा. त्याच प्रमाणाने वर्षाला ५४० नवे रुग्ण येतील. कुणी मोजलेला आकडा नाही हा, नुसता भागाकार. एक मशीन तीन शिफ्टमध्ये चाललं तर सहा जणांना पुरतं, तिघे सोम-बुध-शुक्र, तिघे मंगळ-गुरू-शनि. म्हणजे नव्वद मशीनं. रोज ३२,४०० लिटर शुद्ध पाणी, आणि ते बनवताना आरओ जे फेकून देतो ते वेगळं. पुढच्या वर्षीचे ५४० अजून धरलेले नाहीत.