विश्लेषण : ब्लॉकचेनवरचा जातीचा दाखला ब्राउझरमधून कसा तपासतात?

शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांतील पाड्यांवरून धुळे-जळगावला शिकायला येणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांचा प्रवेश आणि शिष्यवृत्ती जातीच्या दाखल्यावर अवलंबून असते. दाखल्याबाबत शंका निघाली की फेऱ्या सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांच्या नोंदी ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनवर घेण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा नोंदी खान्देशातही झाल्या, तर महाविद्यालय त्या कशा तपासेल?

ब्लॉकचेनवर काय असते?

अशा पद्धतीत दाखल्याऐवजी त्याचा ‘हॅश’ नोंदवला जातो. हॅश म्हणजे फाइलवर गणिती प्रक्रिया करून मिळणारा, साधारण ६४ अक्षरांचा ठसा. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. ही नोंद एका सर्व्हरवर नसते. तिच्या प्रती जगभरातील अनेक संगणकांवर, म्हणजे ‘नोड’वर असतात.

जावास्क्रिप्ट लायब्ररीचे काम काय?

ब्राउझरला नोडशी ठरावीक भाषेत बोलावे लागते. ते संदेश तयार करणे आणि उत्तर उलगडणे हे काम ‘ईथर्स.जेएस’सारखी लायब्ररी करते. पॉलिगॉन इथेरियमच्या पद्धतीने चालत असल्याने तीच लायब्ररी तेथेही वापरता येते. ‘वेब३.जेएस’ ही जुनी लायब्ररीही प्रचलित होती. मात्र २०२५ मध्ये तिची देखभाल थांबवण्यात आली.

तपासणी कशी होईल?

लिपिकाने दाखल्याची मूळ डिजिटल फाइल निवडली की संकेतस्थळाचे पान तिचा हॅश काढते. लायब्ररी तो घेऊन ब्लॉकचेनवरील ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ला विचारते, ‘ही नोंद आहे का?’ फक्त वाचायचे असल्याने खासगी किल्ली लागत नाही आणि ब्लॉकचेनचे शुल्कही पडत नाही. नवी नोंद करताना मात्र अधिकाऱ्याची किल्ली आणि ‘गॅस’ नावाचे शुल्क, दोन्ही लागतात.

चूक कुठे होऊ शकते?

मोबाइलवर काढलेला दाखल्याचा फोटो चालत नाही. त्याचा हॅश वेगळा येतो आणि खरा दाखलाही खोटा ठरू शकतो. पानात कॉन्ट्रॅक्टचा पत्ता चुकीचा घातला, तर उत्तर भलत्याच ठिकाणाहून येते. एकाच कंपनीच्या नोडवर विसंबल्यास विकेंद्रित व्यवस्थेचा फायदा उरत नाही. त्यासाठी ‘ईथर्स’मध्ये एकाच वेळी अनेक नोडना विचारून उत्तरे ताडून पाहण्याची सोय आहे.

जात पडताळणीची गरज संपेल का?

नाही. दिलेला दाखला नंतर बदललेला नाही, एवढेच ही तपासणी सांगते. प्रांत कार्यालयात मुळातच चुकीचा दाखला निघाला असेल, तर ब्लॉकचेन ती चूकही तशीच जपून ठेवते. दावा खरा की खोटा, हे ठरवण्याचे काम पडताळणी समितीकडेच राहते. विद्यार्थ्याची एखादी फेरी वाचू शकते. वैधतेसाठीची धावपळ मात्र सुटत नाही.