विश्लेषण : जमीन सरकारी, पण वाट कुठे? अमेरिकेत पहिल्या ‘अँटिलोप’ शिकारीआधी नकाशा का वाचावा लागतो?

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात २०२१ मध्ये चार शिकाऱ्यांनी माळरानावर एक लोखंडी शिडी उभी केली. खासगी जमिनीला पाय न लावता ते एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्या सरकारी तुकड्यात उतरले. त्यावरून सुरू झालेला वाद ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाच्या दारात संपला, तोही शिकाऱ्यांच्या बाजूने. मात्र त्यामुळे सगळी कुंपणे खुली झालेली नाहीत. वायोमिंगमध्ये पहिल्यांदाच शिकारीला जाणाऱ्यापुढे आजही पहिला प्रश्न बंदुकीचा नसतो, वाटेचा असतो. ती चुकली तर परवाना खिशात असूनही तो आरोपी ठरू शकतो.

‘अँटिलोप’ म्हणजे नेमका कोणता प्राणी?

वायोमिंगमध्ये ज्याला सर्रास ‘अँटिलोप’ म्हणतात, तो प्राँगहॉर्न. शास्त्रीयदृष्ट्या तो आपल्या काळविटाचा सख्खा नातेवाईक नाही. त्याचे आज हयात असलेले सर्वांत जवळचे भाऊबंद जिराफ आणि ओकापी. तो अमेरिका खंडातील सर्वांत वेगवान भूचर प्राणी असून ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने धावू शकतो. अमेरिकेत सर्वाधिक प्राँगहॉर्न वायोमिंगमध्ये आहेत. तिथे राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी संख्येचा अंदाज घेऊन मर्यादित परवाने देते. भारतात असा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा आहे.

सरकारी जमीन मुबलक, मग अडचण काय?

अमेरिकेत ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ (बीएलएम) या केंद्रीय संस्थेकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. त्यातील सुमारे १.८ कोटी एकर एकट्या वायोमिंगमध्ये आहे. या जमिनीवर गुरे चरतात, खाणी चालतात, लोक तंबू ठोकतात आणि नियम पाळून शिकारही करतात. एका अर्थाने हे देशाचे गायरान.

अडचण या जमिनीच्या मांडणीत आहे. तिचे मूळ १८६२ च्या रेल्वे कायद्यात सापडते. देश जोडणारा लोहमार्ग बांधण्यासाठी सरकारकडे रोख पैसा नव्हता, जमीन होती. त्यामुळे मार्गाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा एक-एक चौरस मैलाच्या (६४० एकर) चौकोनांत विभागला गेला. विषम क्रमांकाचे चौकोन रेल्वे कंपनीला मिळाले, सम क्रमांकाचे सरकारकडे राहिले. १८६४ मध्ये हा पट्टा दोन्ही बाजूंना २० मैलांपर्यंत वाढवला गेला. रेल्वेच्या वाट्याच्या अनेक जमिनी पुढे पशुपालकांकडे गेल्या. आज दक्षिण वायोमिंगचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. एक घर सरकारी, शेजारचे खासगी. दोन सरकारी घरे एकमेकांना फक्त कोपऱ्यात, एका बिंदूत भेटतात. रस्ता नसेल तर अशा घरात कायदेशीरपणे पोहोचायचे कसे, हा दीडशे वर्षांचा तिढा आहे.

आपल्याकडे बांधावरची वहिवाट अडली की शेतकरी तहसीलदाराकडे धाव घेतो. इथे अडलेली वाट मात्र कोणा एका शेतकऱ्याची नाही, सगळ्या नागरिकांची आहे.

परवान्याआधी नकाशा का पाहावा?

वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नचे परवाने सोडतीने मिळतात आणि ते क्रमांक दिलेल्या ठरावीक क्षेत्रापुरतेच असतात. परराज्यातील इच्छुकांना उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो. रायफलने शिकारीचा हंगाम साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो.

नवखे इथेच फसतात. सोडतीनंतर काही क्षेत्रांतील परवाने शिल्लक राहतात. तिथे प्राणी भरपूर आहेत असेही वाचायला मिळते. मग कोणी घेतले का नाहीत? अनेकदा उत्तर एकच असते : प्राणी आहेत, पण जमीन बहुतांश खासगी आहे. राज्याच्या पूर्व भागात हे प्रकर्षाने जाणवते. नैर्ऋत्येकडे, रेड डेझर्टच्या परिसरात, सलग सरकारी माळराने तुलनेने अधिक आहेत. त्यामुळे आधी जमीन आणि वाट पाहायची, मग क्षेत्र निवडायचे आणि शेवटी अर्ज भरायचा, हा क्रम महत्त्वाचा. तो उलटा झाला तर शेकडो डॉलरचा परवाना हातात घेऊन कुंपणाबाहेरून कळप पाहण्याची वेळ येते.

कायदेशीर वाटा कोणत्या?

● सार्वजनिक रस्ता : सरकारी तुकडा काउंटीच्या रस्त्याला किंवा महामार्गाला लागून असेल तर सर्वांत सोपे. मात्र माळावर दिसणारी प्रत्येक चाकोरी सार्वजनिक नसते. ती मध्येच खासगी चौकोनातून जात असेल तर पुढे सरकारी जमीन असूनही ती वापरता येईलच असे नाही. सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडण्यासही मनाई आहे.

● ‘वॉक-इन’ क्षेत्रे : राज्याच्या ‘ॲक्सेस येस’ योजनेत जमीनमालकांना मोबदला देऊन त्यांची जमीन शिकाऱ्यांसाठी खुली केली जाते. वॉक-इन क्षेत्रात वेगळी परवानगी लागत नाही, पण पायीच जावे लागते. कोणता प्राणी आणि कोणत्या तारखा, हे प्रत्येक क्षेत्रासाठी ठरलेले असते. सहभागी जमिनी दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या नकाशावर भिस्त ठेवता येत नाही.

● ‘हंटर मॅनेजमेंट एरिया’ : याच योजनेतील हा दुसरा प्रकार. इथे खात्याकडून आधी परवानगीपत्र घेऊन ते जवळ बाळगावे लागते.

● राज्याची जमीन : शाळांसारख्या संस्थांच्या उत्पन्नासाठी राखलेल्या राज्याच्या जमिनींवरही, कायदेशीर वाट असेल तर, वायोमिंगमध्ये शिकार करता येते. मात्र रात्रीचा मुक्काम आणि उघड्यावर शेकोटी चालत नाही.

● मालकाची परवानगी : हंगामाच्या बऱ्याच आधी जाऊन विचारणे हा जुना मार्ग आजही चालतो. काही जण यासाठी शुल्क घेतात.

बीएलएमच्या नकाशात त्यांची जमीन पिवळी, राज्याची निळी आणि खासगी पांढरी दाखवतात. मोबाइल ॲपमुळे जीपीएसवर आपण कोणत्या रंगात उभे आहोत हेही दिसते. पण दुर्गम भागात नेटवर्क जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा लागतो. कुंपण म्हणजे हद्द, हे गृहीतकही धोक्याचे. अनेक कुंपणे गुरांच्या सोयीने घातलेली असतात, हद्दीवर नसतात. ‘प्रवेशबंद’ची पाटी नव्हती, हा बचावही चालत नाही. खासगी जमिनीवर शिकारीसाठी परवानगी हवीच. जखमी प्राणी पलीकडे गेला तरी त्याच्यामागे जाण्याआधी मालकाला विचारावे लागते.

शिडीचे प्रकरण काय होते?

कार्बन काउंटीतील एल्क माउंटन परिसरात ‘आयर्न बार होल्डिंग्ज’ या कंपनीची मोठी रँच आहे. तिच्या चौकोनांमध्ये सरकारी चौकोन अडकलेले आहेत. मिसुरीहून आलेले शिकारी २०२० मध्ये मोबाइल नकाशाच्या मदतीने चौकोनांच्या कोपऱ्यावरील मोजणीच्या खुणेपर्यंत पोहोचले. तिथे मालकाने खांब रोवून साखळी बांधली होती. खांबांना धरून ते पलीकडे गेले. पुढच्या वर्षी त्यांनी शिडीच आणली. ते एल्कच्या शिकारीला आले होते, पण वाटेचा नियम सर्वांना सारखाच.

फौजदारी खटल्यात एप्रिल २०२२ मध्ये ज्युरीने चौघांना निर्दोष ठरवले. दिवाणी दाव्यात कंपनीने ७० लाख डॉलरहून अधिक नुकसानीचा दावा केला. जमिनीला पाय लागला नसला तरी वरची हवाई हद्द आमचीच, असा तिचा युक्तिवाद होता. मे २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किट अपील न्यायालयाने निकाल कायम केला. राज्याच्या कायद्यानुसार हवाई हद्द मालकाची असली, तरी सरकारी जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणारा १८८५ चा केंद्रीय कायदा वरचढ ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला.

माणसांआधी प्राँगहॉर्न जिंकले ते कसे?

या निकालाला एक जुना आधार होता. १९८३ मध्ये वायोमिंगमध्येच रेड रिम भागात एका पशुपालकाने २८ मैलांचे कुंपण घातले. कुंपण त्याच्याच जमिनीवर होते, पण आतमध्ये हजारो एकर सरकारी जमीन अडकली. ती प्राँगहॉर्नची हिवाळ्यातील चराईची जागा होती. प्राँगहॉर्न कितीही वेगवान असला तरी कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालच्या तारेखालून सरपटत जातो. ती फटही नसेल तर बर्फात उपाशी अडकतो. १९८८ मध्ये दहाव्या सर्किटने १८८५ च्या त्याच कायद्याचा आधार घेत प्राण्यांची वाट मोकळी करण्याचा आदेश कायम ठेवला. चार दशकांनी शिकाऱ्यांनी जो हक्क मिळवला, त्याची पायवाट त्यांच्या सावजानेच पाडली होती.

निकाल कुठे लागू, कुठे नाही?

दहाव्या सर्किटच्या कक्षेत वायोमिंग, कोलोराडो, उटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा ही सहा राज्ये येतात. शेजारचे मोंटाना नवव्या सर्किटमध्ये असल्याने तिथे हा निकाल बंधनकारक नाही. तिथले वन्यजीव खाते कोपरा ओलांडणे बेकायदाच मानते. जिथे निकाल लागू आहे तिथेही मुभा मर्यादित आहे. पायी जायचे, कोपरा अचूक शोधायचा आणि खासगी जमिनीला स्पर्श करायचा नाही. वाहन नेण्याची किंवा रस्ता काढण्याची परवानगी यातून मिळत नाही. सरकारलाही असा रस्ता गृहीत धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच ‘लिओ शीप’ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अमेरिकेतील मराठी वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तींना केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वायोमिंगमध्ये शिकार सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. तेव्हा सहकाऱ्यांसोबत पहिल्यांदा निघण्याआधी व्हिसा, दाखला, परवाना आणि वाट, या चारही गोष्टी तपासाव्यात. पहिल्या तीन कार्यालयातून मिळतात. चौथी मात्र नकाशावर स्वतःच शोधावी लागते.