प्रोसेक्को

प्रोसेक्को : ईशान्य इटलीतील फसफसणारी पांढरी वाइन. ती मुख्यत्वे ग्लेरा या हिरवट पिवळ्या द्राक्षांपासून तयार करतात. व्हेनेतो व फ्रीऊली-व्हेनेत्सिया जूल्या या दोन प्रदेशांतील नऊ प्रांतांत तिचे उत्पादन करण्यास कायद्याने मुभा आहे. तथापि तिचे जुने व उत्कृष्ट क्षेत्र म्हणजे त्रेव्हीसो प्रांतातील वाल्दोब्ब्यादेने आणि कोनेल्यानो या दोन गावांदरम्यानच्या टेकड्या होत. हे क्षेत्र व्हेनिसच्या उत्तरेस सु. ५० किमी. अंतरावर, आल्प्सचा पायथा आणि पिआव्हे नदीचे मैदान यांच्यामध्ये आहे.

प्रोसेक्को हे मुळात त्रिएस्ते शहराजवळील एका खेड्याचे नाव. गावावरून द्राक्षाला आणि द्राक्षावरून वाइनला ते मिळाले. द्राक्षाच्या जातीचे नाव कोणत्याही देशातील बागाईतदारास वापरता येते, त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस वाइनची मागणी वाढू लागताच हे नाव हातचे जाण्याची भीती निर्माण झाली. म्हणून २००९ मध्ये इटलीने द्राक्षास ‘ग्लेरा’ हे जुने पर्यायी नाव दिले आणि ‘प्रोसेक्को’ हे स्थलनाम म्हणून राखून ठेवले. मूळ खेडे टेकड्यांपासून बरेच पूर्वेस असल्याने त्याचा समावेश करण्यासाठी उत्पादनक्षेत्राची सीमा थेट त्रिएस्तेपर्यंत नेण्यात आली. परिणामी मधल्या विस्तीर्ण सपाट प्रदेशालाही या नावाचा हक्क मिळाला. १९६९ पासून टेकड्यांना असलेल्या नियंत्रित उगमनामाच्या दर्जाऐवजी त्याच वर्षी ‘नियंत्रित व हमीयुक्त उगमनाम’ हा वरचा दर्जा देण्यात आला. ऑस्ट्रेलियातील किंग व्हॅली येथील उत्पादकांनी मात्र हा बदल मानला नाही. त्यांनी लागवड केली तेव्हा प्रोसेक्को हे द्राक्षाचेच नाव होते व त्यांच्या या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येत नाही.

टेकड्यांची रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. प्राचीन समुद्रतळावर साचलेले वालुकाश्म, पिंडाश्म व चुनखडीयुक्त मृदाश्म यांचे थर आल्प्सच्या उत्थानाबरोबर तिरपे उचलले गेले आणि त्यांच्यापासून एकापाठोपाठ एक अशा समांतर, अरुंद व तीव्र उताराच्या रांगा तयार झाल्या. दक्षिणेकडील उन्हाच्या उतारांवर द्राक्षमळे, तर उत्तरेकडील उतारांवर रान असे सर्वसाधारण चित्र दिसते. मळ्यांसाठी उतारावर पायऱ्या पाडलेल्या असून त्यांना ‘चील्योनी’ म्हणतात. भूमध्य सागरी प्रदेशात अन्यत्र आढळणाऱ्या पायऱ्यांप्रमाणे त्यांना दगडी ताल नसते. मातीचा बांध त्यावर वाढू दिलेल्या गवताच्या मुळांनीच धरून ठेवलेला असतो. सतराव्या शतकापासून ही पद्धत रूढ आहे. पायरी इतकी अरुंद असते की तीवर यंत्र चालत नाही. छाटणी, वेली बांधणे, बांधावरील गवत कापणे व सप्टेंबरमधील काढणी ही सर्व कामे हातांनीच करावी लागतात आणि सपाटीवरील मळ्याच्या कित्येक पटींनी मनुष्यबळ येथे खर्ची पडते. पहिल्या महायुद्धात १९१७-१८ मध्ये पिआव्हे नदीवर आघाडी स्थिरावल्याने हा प्रदेश उद्ध्वस्त झाला होता; त्यानंतर मळे पुन्हा उभे करण्यात आले.

या वाइनला आधुनिक रूप देण्याचे श्रेय कोनेल्यानो येथील रसायनज्ञ आंतोन्यो कार्पेने यांना दिले जाते. १८७६ मध्ये तेथे द्राक्षसंवर्धन व वाइननिर्मिती यांचे विद्यालय सुरू झाले. त्याच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. निर्मितीचे तंत्र फेदेरीको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये शोधले व फ्रान्समध्ये अझेन शार्मा यांनी पुढे त्यात सुधारणा केल्या. द्राक्षे हलकेच दाबून काढलेल्या रसाचे प्रथम नेहमीप्रमाणे किण्वन करतात. तयार झालेली साधी वाइन अगंज पोलादाच्या बंद टाकीत साखर व यीस्ट घालून पुन्हा किण्वनास ठेवतात. त्या वेळी निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडू न शकल्याने द्रवातच विरघळतो. नंतर वाइन थंड करून, गाळून, दाबाखालीच बाटल्यांत भरतात. शँपेनमध्ये हेच दुसरे किण्वन प्रत्येक बाटलीत होते आणि वाइन यीस्टच्या गाळावर दीर्घकाळ ठेवतात. त्यामुळे तिला पावासारखा वास येतो. प्रोसेक्कोमध्ये तो इष्ट नसतो. सफरचंद, नासपती व पांढरी फुले यांची आठवण करून देणारा ग्लेराचा नाजूक सुगंध टिकवणे हाच टाकीतील अल्पकाळच्या किण्वनाचा उद्देश असतो. म्हणून ही वाइन ताजी असतानाच पितात. टाकीचे तंत्र येण्यापूर्वी शेतकरी बाटलीतच किण्वन होऊ देत व गाळ तसाच ठेवीत. ‘कोल फोंदो’ (गाळासह) नावाचा हा गढूळ प्रकार काही उत्पादक अजूनही तयार करतात.

गोडीनुसार केलेल्या प्रकारांची नावे फसवी आहेत. ‘ब्रूत’मध्ये दर लिटरला १२ ग्रॅ. पेक्षा कमी, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ ग्रॅ. व ‘ड्राय’मध्ये १७ ते ३२ ग्रॅ. साखर असते, म्हणजे ‘ड्राय’ (कोरडी) म्हणविणारी वाइन या तिन्हींत सर्वांत गोड होय. सपाट क्षेत्रात हेक्टरी १८ टन, तर टेकड्यांवर १३.५ टन द्राक्षे घेण्यास मूळ नियमांनी परवानगी दिली. ‘रीव्हे’ या संज्ञेखाली एकाच गावच्या वा वाडीच्या तीव्र उतारावरील, हातांनी काढलेल्या द्राक्षांची वाइन येते. वाल्दोब्ब्यादेनेजवळील कार्तित्से ही सु. १०७ हेक्टरांची टेकडी सर्वांत नावाजलेली असून तेथील जमीन शंभराहून अधिक मालकांत विभागलेली आहे.

या टेकड्यांचा २०१९ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सांस्कृतिक भूदृश्य म्हणून समावेश झाला. हा मान वाइनला नसून माणसाने घडविलेल्या उतारांना आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. दुकानात मात्र टेकडीवरील आणि सपाटीवरील बाटलीवर ‘प्रोसेक्को’ हाच शब्द ठळक दिसतो. २०२१ मध्ये विस्तारित क्षेत्रातून ६० कोटींहून अधिक बाटल्या बाहेर पडल्या, तर वाल्दोब्ब्यादेने-कोनेल्यानो टेकड्यांतून सु. १० कोटी. स्वस्त वाइनशी अशी स्पर्धा असताना महाग मजुरीचे अरुंद बांध राखणे लहान मालकाला जड जाते. उतार यंत्राने सपाट करून रुंद मळे करण्याचा मोह होतो.

त्याचे परिणाम मातीवर दिसतात. पादुआ विद्यापीठातील संशोधकांच्या २०१९ मधील अभ्यासानुसार टेकड्यांवरील क्षेत्रात वर्षाला सु. ४ लाख टन माती वाहून जाण्याचा संभव आहे; केवळ द्राक्षमळ्यांतील धूप धरल्यास हे प्रमाण एका बाटलीमागे ३.३ किग्रॅ. येते. वेलींच्या ओळींमध्ये कायम गवत राखल्यास ही धूप निम्म्याहून कमी होते, असेही त्यात आढळले. गवत जाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लायफोसेट या तणनाशकावर टेकड्यांवरील उत्पादकसंघाने २०१९ मध्ये बंदी घातली.