सॉफ्टवेअर खुलं म्हणजे रुग्णाची माहितीही खुली?

मानसिक आरोग्याच्या संशोधनात भाग घ्याल का, असं विचारलं की बहुतेकांच्या मनात पहिली शंका एकच येते: मी सांगेन ते कुणाकुणाला कळेल? ही शंका अगदी रास्त आहे. नैराश्य, दारू, घरातली मारहाण, जीव द्यावासा वाटणं याबद्दलची उत्तरं बाहेर फुटली तर ठरलेलं लग्न मोडू शकतं, नोकरी जाऊ शकते. म्हणून ही माहिती ‘मुक्तस्रोत’ सॉफ्टवेअरमध्ये ठेवली जाते असं ऐकलं की अनेकांना धास्ती वाटते. पण ही धास्ती चुकीच्या गोष्टीची आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता, तपासता, बदलता आणि पुढे देता येतो. त्यात भरलेल्या नोंदी मात्र त्या त्या संशोधन संस्थेच्या ताब्यातच राहतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात घडलेलं ‘लॉरिस’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पाहा. अमेरिकेतल्या मुलांच्या मेंदूची निरोगी वाढ कशी होते, याचा अभ्यास अनेक केंद्रांवर चालू होता. त्याच्यासाठी ते तयार झालं. आज त्याचा कोड ‘गिटहब’ या संकेतस्थळावर कुणीही वाचावा. त्या मुलांच्या नोंदी तिथे सापडणार नाहीत. लॉरिसमध्ये सहभागी व्यक्ती सांकेतिक क्रमांकाने ओळखली जाते आणि कोणाला कोणत्या केंद्राच्या नोंदी दिसाव्यात हे ठरवून देता येतं. मला त्यातली आणखी एक सोय फार मोलाची वाटते. एकच कागदी प्रश्नावली दोन वेळा, स्वतंत्रपणे भरता येते. दोन्ही नोंदींत फरक आढळला की लॉरिस तो दाखवतं, आणि मग मूळ कागद काढून खरं उत्तर कोणतं ते ठरवावं लागतं. कुणाच्या तरी दुःखाचा आकडा नजरचुकीने बदलू नये, याची ही काळजी आहे.

‘कोड झाकलेला असला की माहिती सुरक्षित’ हा समज याहून घातक. फिनलंडमधल्या ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्रांच्या कंपनीने रुग्णनोंदींची प्रणाली स्वतःच बनवून घेतली होती. तिचा डेटाबेस इंटरनेटवर नीट संरक्षणाविना उघडा राहिला. २०२० मध्ये सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्याचं उघड झालं आणि चोराने थेट रुग्णांनाच ईमेल पाठवून खंडणी मागितली. माणसांनी बंद खोलीत डॉक्टरांपाशी मोकळं केलेलं मन असं बाजारात आलं. अर्थात कोड सगळ्यांसमोर असला म्हणून कुणी तो वाचतंच असं नाही. ओपनएसएसएल या मुक्तस्रोत प्रणालीतला ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१४ मध्ये सापडला, तोवर तो दोन वर्षं तसाच होता. कोड खुला असला की तपासणी शक्य होते. ती करायला, सर्व्हर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवायला पगारी, जाणकार माणूस लागतोच. परवान्याचे पैसे वाचले म्हणून संशोधनाच्या अंदाजपत्रकातून हे पद गाळू नये.

‘नाव काढून टाकलं की ओळख पुसली’ हेही अर्धसत्य आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या मेंदूच्या एमआरआयवरून त्यांचे चेहरे उभे केले आणि चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वापरून ते छायाचित्रांशी जुळवून पाहिले. ७० जण बरोबर ओळखले गेले. म्हणून स्कॅन दुसऱ्यांना देण्याआधी त्यातला चेहऱ्याचा भाग पुसतात. लहान गावातल्या अभ्यासात तर वय, व्यवसाय आणि मुलांची संख्या एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

फुकट मिळतं ते सगळं मुक्तस्रोत नसतं, हे जाता जाता सांगायला हवं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये जन्मलेलं ‘रेडकॅप’ हे सॉफ्टवेअर ना-नफा संस्थांना करार करून विनामूल्य मिळतं, पण ते पुढे वाटण्याची मुभा नाही. प्रश्नावल्यांचंही तसंच. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असलं तरी बेक यांची नैराश्य मोजणारी प्रश्नावली त्यात टाकायला परवानगी घ्यावीच लागते.

नैराश्याचीच ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली मात्र विनापरवानगी वापरता येते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने नैराश्यावर संशोधन केलं तेव्हा रुग्ण ओळखण्यासाठी हीच प्रश्नावली वापरली होती. तिच्यात नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. इथे आणखी एक गैरसमज डोकावतो: नोंद झाली, आता सॉफ्टवेअर बघून घेईल. नवव्या उत्तरात १, २ किंवा ३ आलं की लाल खूण दाखवायला सॉफ्टवेअरला सांगता येतं. पण ती खूण त्याच दिवशी कोण पाहणार, त्या माणसाशी कोण बोलणार, त्याला कोणत्या डॉक्टरकडे नेणार, हे पहिली मुलाखत घेण्याआधी कागदावर ठरलेलं असावं लागतं. नैतिकता समितीने मंजुरी देताना सॉफ्टवेअरच्या नावाआधी ती खूण पाहणाऱ्या माणसाचं नाव विचारावं.