ब्लॅकमेलचा टपालाशी संबंध नाही

निनावी पाकीट, आत फोटो आणि पैशांची मागणी. सिनेमांनी हे दृश्य इतकं रुजवलं आहे की 'ब्लॅकमेल' म्हणजे धमकीचं पत्र, असं अनेकांना वाटतं. ईमेल आल्यापासून तर हा समज आणखी घट्ट झाला.

टपालाचा 'मेल' फ्रेंचमधल्या पिशवीच्या शब्दावरून इंग्रजीत आला. ब्लॅकमेलमधला 'मेल' निराळा. त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत असून तिथे तो बोलणं किंवा करार या अर्थाचा होता. स्कॉटलंडमध्ये त्याचा अर्थ झाला जमिनीचा खंड. आपल्याकडे कूळ मालकाला खंड घालतं, तसाच.

सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहम अशी घराणी रात्री घोड्यांवरून येत, गुरं हाकलून नेत, घरं जाळत. दोन राज्यांच्या कचाट्यातल्या तिथल्या शेतकऱ्याला राजाचं संरक्षण वेळेवर मिळत नसे. मग तो जमीनमालकाला खंड देई, आणि शिवाय या टोळ्यांनाही देई, गुरं शाबूत राहावीत म्हणून. हा दुसरा, काळा खंड म्हणजे ब्लॅकमेल. तो रोख रकमेत दिला जाई, तसाच धान्याच्या किंवा गुरांच्या रूपातही. त्यात कोणाचं गुपित नव्हतं, पत्र तर नव्हतंच.

१६०१ साली इंग्लंडच्या संसदेने कंबरलंड, नॉर्थंबरलंड, वेस्टमोरलंड आणि डरहॅम या चार परगण्यांसाठी कायदा केला. त्यात ब्लॅकमेल घेणारा गुन्हेगार ठरला आणि देणाराही! आधीच नागवलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा मला क्रूर वाटतो.

पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात रॉब रॉय मॅकग्रेगर (१६७१–१७३४) पैसे घेऊन गुरांची राखण करी; तोही ब्लॅकमेलच. वॉल्टर स्कॉटच्या १८१७ च्या 'रॉब रॉय' कादंबरीने त्याचं नाव दूरवर नेलं. गुपित फोडण्याची धमकी हा अर्थ रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात.

आपल्याकडचा एक गैरसमज मात्र जास्त घातक आहे. 'गोष्ट खरी असेल तर तक्रार करता येत नाही', असं समजून माणसं गप्प बसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये खंडणीचा गुन्हा येतो, आणि बदनामीची भीती घालून पैसे उकळणं त्यातच मोडतं. गोष्ट खरी आहे एवढ्यावर मागणारा सुटत नाही. पैसे दिलेच नाहीत, तरी ते उकळण्यासाठी भीती घालणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.