उपनगरातले घर आणि गावचा हिशेब

गणपतीच्या दिवसांत मालवणच्या बाजारात चार चाकरमानी एकत्र आले, की पावसाच्या आणि गाडीतल्या गर्दीच्या गोष्टी संपल्यावर विषय निघतो तो मुंबईच्या जागेचा. माझा एक जुना विद्यार्थी असाच घरी आला होता. परळला नोकरी, दोन मुले, आणि भाड्याची एकच खोली. बदलापूरला एक जागा ठरत आली होती. सुरुवातीची रक्कम उभी करायला गावची माडांची बाग विकावी काय, असे त्याने मला विचारले. मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा मला उत्तर ठाऊक असणार, अशी त्याची समजूत! उत्तर काही माझ्यापाशी नव्हते. पण हिशेब कसा मांडावा, हे मी सांगू शकलो. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

मुळात ही वेळ आली कशी, ते आधी पाहू. आपले आजे-पणजे गिरणीत लागले, तेव्हा गावच्या मंडळाच्या खोलीत पाळीपाळीने झोपत. सरकारने १९२० नंतरच्या काळात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तीही मिळाली तर भाग्य. पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली. ज्याच्यापाशी खोली होती त्याला आधार झाला. परंतु नव्या चाळी बांधण्यात मालकांना लाभ उरला नाही, आणि पागडी मात्र वाढली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि पुष्कळ कुटुंबे खोल्या विकून रेल्वेच्या कडेकडेने डोंबिवली, विरार, बदलापूर अशी बाहेर सरकली. म्हणजे साध्या माणसाला परवडणारे घर आज बहुधा दोन अटींवर मिळते : ते विकत घ्यावे लागते, आणि ते दूर असते.

आता हिशेबाकडे वळू. पहिली गोष्ट क्षेत्रफळाची. जाहिरातीत ६०० चौरस फूट म्हटले, म्हणजे आपल्या पायाखाली ६०० फूट येतील असे नव्हे. जिना, भिंती, वाटेतला व्हरांडा हे सारे त्यात धरलेले असू शकते. म्हणून विचारायचे ते चटईक्षेत्र, ज्याला सर्रास ‘कार्पेट’ म्हणतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून, पण आतल्या भिंती धरून, जी जागा उरते ती. समजा, ३६ लाखांची जागा ६०० फुटांची सांगितली आणि चटईक्षेत्र ४०० च निघाले, तर भाव ६,००० नव्हे, ९,००० रुपये फूट झाला. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याप्रमाणे नव्या प्रकल्पात चटईक्षेत्र सांगणे बंधनकारक आहे. तेव्हा विचारायला संकोच कशाला?

दुसरी गोष्ट कर्जाची. ३० लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांकरिता घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २६ हजार होतो, आणि एकंदर फेड साडेबासष्ट लाखांच्या घरात जाते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. बाग विकून आलेला पैसा सुरुवातीलाच संपतो. हप्ता मात्र मुले कॉलेजात जाईपर्यंत चालू राहतो.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि हीच आपण कागदावर मांडत नाही. बदलापूर हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने ६८ किलोमीटर. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत जायला दोन तास, यायला दोन तास धरा. महिन्याचे २५ दिवस कामाचे, म्हणजे १०० तास. कर्जाच्या २० वर्षांत २४,००० तास. रात्रंदिवस मोजले तर पूर्ण १,००० दिवस! घरात बायकोही नोकरी करीत असेल तर तिचेही तितकेच. उलट, नोकरी अंबरनाथ-कल्याणकडे असेल तर तेच बदलापूर सोन्यासारखे. जागा स्वस्त की महाग, हे असे माणसागणिक बदलते.

चौथी गोष्ट कागदांची. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये गाजले. पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून तिथे रेराची नोंदणीही मिळवण्यात आली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी पैसे खरेच मोजले होते हो! म्हणून रेराचा क्रमांक पाहून थांबू नका. बांधकामाची परवानगी पालिकेत जाऊन पडताळा, तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा, आणि जमिनीचे कागद वकिलाला दाखवा. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

माझ्या विद्यार्थ्याने हे चारही आकडे एका कागदावर मांडले. बायकोची नोकरी दादरला, तेव्हा दोघांचे मिळून महिन्याला २०० तास निघाले. मुलांपाशी संध्याकाळी कोण असणार, या प्रश्नाला त्या कागदावर उत्तर नव्हते. शिवाय बाग सामाईक. भावांच्या सह्या व्हायच्या होत्याच. त्याने बदलापूर सोडले, कळव्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत अर्ज भरला.

अजून त्याचे नाव निघालेले नाही. भाड्याच्या घरात अकरा महिन्यांनी पुन्हा करार, पुन्हा धाकधूक, हे आहेच. त्याचा निर्णय सर्वांना लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. परंतु घर घ्यायचे झाले, तर टोकन देण्याच्या आधी एक संध्याकाळ नवराबायकोने हा कागद घेऊन बसावे. गावची बाग एकदा विकली, की परत घेता येत नाही; आणि गाडीत गेलेले तासही परत येत नाहीत.