सगळी कपाटे उघडणारा कारकून

कचेरीत कागद सहसा हरवत नाही. तो फक्त सापडत नाही. आयुष्य बँकेत घालवलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. फाईल टेबलावरून कपाटात जाते, कपाटातून रेकॉर्ड रूममध्ये, आणि मग तपासनीस यायच्या आदल्या दिवशी सारी शाखा तिच्यामागे धावते. संगणक आला तेव्हा वाटले होते, ही धावपळ संपेल. संपली नाही, तिने फक्त जागा बदलली. हिंजवडीला किंवा ऐरोलीला नोकरी करणाऱ्या आपल्या मुलासुनांना विचारून पाहा. ग्राहकाशी काय ठरले ते ईमेलमध्ये असते, दर का बदलला ते स्लॅकवरच्या गप्पांत, करारपत्र गुगल ड्राइव्हवर, तक्रार जिरामध्ये आणि बैठकीचा वृत्तांत आणखी कुठेतरी. काम एक, कपाटे पाच.

या त्रासावर उपाय म्हणून आता कंपन्या एक नवा कारकून नेमू लागल्या आहेत. त्याला म्हणतात 'एआय एजंट'. एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा नाहीतर आरटीओबाहेरचा आठवतो. हा त्यांच्यापैकी नव्हे, पण काम साधारण तेच : आपल्या वतीने दहा खिडक्यांवर जाऊन येणे. ''अमुक ग्राहकाला गेल्या दिवाळीत आपण किती सूट कबूल केली होती?'' असे साध्या भाषेत विचारायचे. तो सगळ्या अॅपमध्ये शोधतो. शब्द जुळले नाहीत तरी अर्थ जुळवतो. आपण 'सूट' म्हटले तरी 'सवलत' लिहिलेले पत्र त्याला सापडते. आणि चार ओळींत उत्तर आपल्यापुढे ठेवतो.

एवढ्या वेगवेगळ्या कपाटांशी त्याचे जमते कसे? बँकवाल्यांना हे चेकच्या उदाहरणाने चटकन कळेल. एके काळी चेक हाताने वेगळे करावे लागत. १९८०च्या दशकात चेकच्या तळाशी चुंबकीय शाईचे अंक ठरलेल्या पद्धतीने छापले जाऊ लागले आणि कुठल्याही बँकेचा चेक एकाच यंत्राला वाचता येऊ लागला. तसेच इथे झाले. आधी प्रत्येक अॅपसाठी वेगळी जोडणी बांधावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक सामाईक रीत सर्वांसाठी खुली केली. २०२५ मध्ये ओपनएआय, गुगल आणि मायक्रोसॉफ्टनेही ती उचलली. ज्या अॅपने ही रीत पाळली, त्याच्या दारात एजंटाला उभे राहता येते.

दारात उभे राहिल्यावर तो दोन तऱ्हांनी शोधतो. एक म्हणजे सगळ्या कपाटांची सूची आधीच करून ठेवायची आणि प्रश्न आला की सूचीत पाहायचे. दुसरी म्हणजे प्रश्न आल्यावर प्रत्येक खिडकीवर जाऊन विचारायचे. पहिली तऱ्हा वेगवान, पण सूची शिळी होऊ शकते. काल बदली झालेल्या माणसाचे नाव आजही 'परवानगी आहे' या रकान्यात राहू शकते. दुसरी ताजी, पण हळू, आणि त्या त्या खिडकीच्या कुवतीवर अवलंबून.

इथवर सारे कौतुकाचे. पण माझ्या मनात येतो तो आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेचा दफ्तरी. रोजची व्हाउचरे शिवायची, गठ्ठे बांधायचे आणि मागितला तो कागद काढून द्यायचा, हे त्याचे काम. सगळे त्याला मामा म्हणत. दहा वर्षांपूर्वीचा कर्जाचा अर्ज तो पाच मिनिटांत काढी. एकदा आमच्या एका सहकाऱ्याने गावातल्या एका गृहस्थांच्या कर्जाची फाईल मागितली. कर्जखाते त्याच्याकडे नव्हते. पण त्या गृहस्थांची मुलगी त्याच्या मुलाला सांगून आली होती. घर किती बुडालेले आहे, ते त्याला पाहायचे होते. मामा शांतपणे म्हणाला, ''साहेब, मॅनेजरसाहेबांची चिठ्ठी आणा. लगेच देतो.'' चिठ्ठी आली नाही. रेकॉर्ड रूमला त्या दिवशी कुलूपही नव्हते.

१९७०च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याने अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला रुजू होताना निष्ठा आणि गोपनीयतेची घोषणा करावी लागते. मामाने सही केलेला तो कागद किती वाचला असेल, कुणास ठाऊक. पण त्याचा अर्थ त्याला नीट कळला होता. कागद कुठे आहे हे तर त्याला ठाऊक होतेच. शिवाय मागणारा कशाला मागतो आहे, हेही तो पाहत असे.

एजंट हे पाहत नाही. चांगला बांधलेला एजंट फार तर एवढे विचारतो, की या माणसाला हा कागद पाहायची परवानगी आहे का? गोम इथेच आहे. कित्येक कचेऱ्यांत परवानग्या सैल असतात. घाईत कोणीतरी पगाराचा तक्ता 'संस्थेतील सर्वांसाठी' खुला ठेवतो. आजारपणाच्या रजेचे अर्ज चुकीच्या फोल्डरमध्ये जातात. वर्षानुवर्षे कोणाला काही त्रास होत नाही, कारण ते तिथे आहेत हे कोणाला माहीत नसते. आपली गुप्तता बरेचदा कुलपाने नव्हे, अडगळीने राखलेली असते. शोधणे सोपे झाले की ही अडगळ नाहीशी होते. ''शेजारच्या टेबलावरच्या बाईंची रजा कशासाठी?'' असे कोणी सहज विचारेल आणि एजंट गोड भाषेत उत्तर देईल. नियम एकही मोडलेला नसेल. बाईंचे दुखणे मात्र चारचौघांत जाईल.

दुसरा धोका बाहेरून येतो. एजंट जे वाचतो, त्यातच कोणी त्याच्यासाठी हुकूम लिहून ठेवला तर? ही नुसती कल्पना नाही. मायक्रोसॉफ्टच्या '३६५ कोपायलट' या मदतनिसात संशोधकांना असाच एक दोष सापडला आणि जून २०२५ मध्ये तो 'एकोलीक' या नावाने जाहीर झाला. बाहेरून आलेल्या साध्या दिसणाऱ्या ईमेलमध्ये सूचना दडवून कचेरीतली माहिती बाहेर नेता येत होती. कर्मचाऱ्याने कशावर बोट ठेवायचीही गरज नव्हती. कंपनीने तो दुरुस्त केला आणि कोणा ग्राहकाला झळ पोहोचली नाही, असे सांगितले. पण बाहेरच्या चिठ्ठीला साहेबाचा हुकूम समजणारा कारकून, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग नको का हा कारकून? तसे मी म्हणणार नाही. शोधाशोधीत माणसांचे आयुष्य जाते, ते मी पाहिले आहे. पण बँकेने आम्हाला शिकवलेल्या चार जुन्या गोष्टी त्यालाही शिकवाव्यात. पहिली, त्याच्या हाती विचारणाऱ्याच्याच चाव्या असाव्यात, सगळ्या घराची एकच किल्ली नको. दुसरी, प्रत्येक उत्तरासोबत व्हाउचर हवे; कुठल्या कागदातून काढले, ते दिसले पाहिजे. तिसरी, शोधणारा आणि व्यवहार करणारा एक नसावा. तिजोरीला दोन चाव्या आणि दोन माणसे असतात, ती उगाच नव्हे. चौथी, कोणी काय विचारले याचीही नोंद राहावी, म्हणजे विचारणारा दोनदा विचार करील. आणि या सगळ्याच्या आधी कपाटे आवरावीत. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरावी, हा त्याचा गाभा. म्हणजे 'कशाला हवंय?' हा प्रश्न कायद्यानेही विचारला आहे.

आज रविवार आहे. घरातली नोकरदार मंडळी जेवायला एकत्र बसतील, तेव्हा त्यांना जरूर विचारा : तुमच्या कचेरीतला हा नवा कारकून कोणाच्या चाव्या घेऊन फिरतो? बहुतेक जण वरणभात कालवता कालवता थांबतील. मग त्यांना सांगा, उद्या सोमवारी साहेबांना विचारा. कारण त्या कपाटांत दुसऱ्या कोणाचे नाही, तुमचे-आमचेच कागद आहेत.